कार्बन फायबर थर्मोप्लास्टिकचं मशीनिंग स्क्रॅप परत वापरायचं कसं, मशीनपासून मोल्डपर्यंत

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कार्बन फायबर थर्मोप्लास्टिकचा (कार्बनचे धागे घातलेल्या, तापवलं की मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) जॉब निघाला की मशीनखाली जे काळं काळं उरतं ते बहुतेक ठिकाणी झाडूने एकत्र करून एका पोत्यात जातं. त्याच पोत्यात शेजारच्या मशीनची ॲल्युमिनियमची चिप, हात पुसायच्या चिंध्या, मास्किंग टेपचे तुकडे, सगळं. आणि मग कोणीतरी म्हणतं की याचं रिसायकलिंग होत नाही. होतं हो, पण त्या पोत्यातून नाही होत. मला या लेखात मुख्य एवढंच सांगायचंय की या स्क्रॅपची किंमत श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) ठरत नाही, ती कटिंग चालू असतानाच ठरते, आणि दोनच गोष्टींवर ठरते, फायबरची उरलेली लांबी आणि माल किती स्वच्छ आहे. पुढचं सगळं या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहे.

आधी हे स्क्रॅप एवढं मोलाचं का ते बघू. इपॉक्सीवाला कार्बन फायबर एकदा क्युअर होऊन कडक झाला की परत वितळत नाही, त्यातून फायबर सोडवायचा म्हणजे साधारण ४५० ते ७०० डिग्रीला ऑक्सिजन कमी ठेवून रेझिन (धाग्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक) जाळून टाकायचं, त्यात रेझिन गेलंच आणि फायबरवरचं सायझिंग, म्हणजे प्लास्टिक नीट चिकटावं म्हणून दिलेला पातळ लेप, तोही गेला. थर्मोप्लास्टिकचं तसं नाही. नायलॉन असो, पीपीएस असो नाहीतर पीईईके (ही दोन जास्त तापमान सोसणारी प्लास्टिकं), तापवलं की परत मऊ होतं. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात, कार्बनच्या हजारो बारीक धाग्यांमध्ये घट्ट वितळलेलं प्लास्टिक शिरवणं हे मूळ मटेरियल बनवतानाचं सगळ्यात अवघड काम असतं आणि तुमच्या कातरणात ते काम आधीच झालेलं असतं. प्रत्येक धाग्याला प्लास्टिक चिकटलेलं, मधे हवा नाही. ते फुकट मिळतंय, फक्त ते बिघडवायचं नाही.

लांबीचा हिशोब एकदा करून बघा

कार्बन फायबरचा एक धागा ५ ते ७ मायक्रॉन जाड. प्लास्टिकमध्ये रुतलेल्या अशा धाग्यावर लोड यायचा तर प्लास्टिकने त्याला बाजूने धरून ओढावं लागतं, आणि धागा फारच आखूड असेल तर तो तुटायच्या आधी सरकून बाहेर येतो, म्हणजे त्याची ताकद वापरलीच जात नाही. ही जी हद्द आहे तिला क्रिटिकल लांबी म्हणतात, केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये हे गणित मांडलं आणि ते सोपं आहे. फायबरची ताकद गुणिले व्यास, भागिले पकडीच्या ताकदीची दुप्पट. ताकद ४००० मेगापास्कल धरा, व्यास ७ मायक्रॉन, पकड ४० मेगापास्कल, तर उत्तर येतं ३५० मायक्रॉन, म्हणजे ०.३५ मिमी. पकड ३० असेल तर ०.४७ मिमीच्या आसपास. आणि पूर्ण फायदा हवा असेल तर लांबी याच्या बऱ्याच पटीने जास्त पाहिजे.

आता हा आकडा डोक्यात ठेवून मशीनखालच्या ढिगाकडे बघा. नेस्टिंगनंतर (एका शीटवर पार्ट दाटीने मांडून कापल्यावर) उरलेल्या शीटच्या पट्ट्या आणि कोपरे, यात फायबर कित्येक सेंटिमीटर लांब. सॉने किंवा राउटरने कापताना पडलेली चिप, यात अर्धा मिमी ते काही मिमी, तेही कटची खोली आणि फायबरची दिशा यावर. ड्रिलिंगची भुकटी आणि ट्रिमिंगची धूळ, यात बहुतेक फायबर क्रिटिकल लांबीच्याही खाली गेलेला. एकाच जॉबमधून हे तीन वेगवेगळे माल निघतात, आणि ते एकत्र झाले की तिन्हीचा भाव भुकटीचा होतो, कारण मिक्स झाल्यावर परत वेगळं करणं फार कटकटीचं आहे.

म्हणून पहिलं काम प्रोग्रॅमिंगला. जिथे मोठा भाग काढून टाकायचाय तिथे अख्खा भाग एंडमिलने खरवडून भुकटी करू नका, शक्य असेल तिथे बारीक स्लॉट मारून तो तुकडा अख्खा सुटू द्या. तेवढंच मटेरियल निघालं पण एका पद्धतीत हातात कोपरा येतो आणि दुसऱ्यात धूळ. नेस्टिंग करताना उरलेला भाग एका सलग पट्टीत राहील असं बघा. आणि टूल धारदार ठेवा, हे फिनिशसाठी तर आहेच पण स्क्रॅपसाठी पण आहे, कारण बोथट टूलने घर्षण वाढतं, प्लास्टिक मऊ होऊन टूलला चिकटतं, मग जी चिप पडते ती काळपट, चुरगळलेली, गोळा झालेली असते. डायमंड टिपचं टूल असेल तर चिप सुटी आणि स्वच्छ पडते, हा फरक नुसता हातात घेतला तरी कळतो.

कूलंट (कापताना सोडायचा थंड करणारा द्रव) की कोरडं? माझं मत स्पष्ट आहे, जमेल तिथे कोरडं कापा, थंड हवा आणि सक्शन वापरा. कूलंटमध्ये भिजलेली चिप धुवावी लागते आणि धुण्यात जेवढा वेळ आणि पाणी जातं तेवढ्यात लोकांचा उत्साह संपतो.

धूळ, हा भाग वगळून पुढे जाऊ नका

अख्खा कार्बन धागा ७ मायक्रॉनचा, तो फुफ्फुसात खोल जाण्याइतका बारीक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत श्वासातून खोल जाणारा तंतू म्हणजे ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त. पण मशीनिंगमध्ये फायबरचे तुकडे पडतात, प्लास्टिकची अतिबारीक भुकटी उडते, आणि पिचपासून (डांबरासारख्या पदार्थापासून) बनलेला फायबर असेल तर तो उभा चिरला जाऊन अजून बारीक होऊ शकतो. म्हणून टूलच्या अगदी जवळ सक्शन पाहिजे, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरसकट, होज वीजवाहक आणि अर्थिंग केलेली. प्लास्टिकची बारीक धूळ हवेत पसरली तर ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यामुळे साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, ज्वलनशील धुळीसाठी बनवलेलाच घ्या. कॉम्प्रेस्ड एअरने मशीन झटकणं बंद करा, कितीही सवय असली तरी.

दुसरा धोका विजेचा. कार्बन वीज वाहून नेतो. ही धूळ कंट्रोल पॅनेलमध्ये, ड्राइव्हमध्ये, उघड्या एक्स्टेन्शन बोर्डात गेली की शॉर्ट होतं, आणि ते लगेच होत नाही, हळूहळू थर साचून एक दिवस होतं, त्यामुळे कारणही पटकन सापडत नाही. पॅनेलची रबर सीलं नीट आहेत का, पॅनेलच्या पंख्याला फिल्टर आहे का, हे बघा. ओल असेल तर कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं, म्हणून मशीनच्या ॲल्युमिनियम पार्टवर साचलेली ओली काळी धूळ तशीच सोडू नका.

काम करणाऱ्याला एफएफपी३ किंवा तशाच दर्जाचा मास्क, बाजूने बंद गॉगल, पूर्ण बाह्या, आतून नायट्राइल आणि वरून कट न होणारे हातमोजे. शीटच्या पट्टीच्या कडेला जे उभे धागे असतात ते सुईसारखे टोचतात आणि काळे असल्यामुळे कातडीत शोधणंही अवघड जातं. अंगाला लागलेली धूळ न चोळता आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्या. हा नियम श्रेडिंग आणि चाळण्याच्या वेळीही तसाच लागू आहे, उलट तिथे धूळ जास्त उडते.

वेगळं ठेवणं

प्रत्येक मशीनपाशी झाकणवाले तीन डबे, एक तुकड्यांचा, एक चिपचा, एक धुळीचा. प्रत्येक डब्यावर रेझिनचं नाव, फायबरचा ग्रेड, विणलेलं कापड आहे का एकाच दिशेचा टेप (सगळे धागे एकाच दिशेने असलेली पट्टी), फायबरचं प्रमाण, तारीख. जॉब बदलला आणि रेझिन बदललं की सक्शनची पिशवी पण बदलायची, हे सगळ्यात जास्त चुकतं. माझ्या हातून एकदा पीपीएसच्या पट्ट्या पीईईकेच्या डब्यात गेल्या, दिसायला दोन्ही काळे कुळकुळीत, कोणाच्याच लक्षात आलं नाही. प्रेस (तुकडे तापवून, दाबून त्यांचं सपाट पॅनेल बनवणारं यंत्र) ३९० डिग्रीला गेल्यावर गंधकाचा उग्र वास सुटला, हॉल रिकामा करावा लागला आणि ती अख्खी बॅच फेकावी लागली, जे पॅनेल निघालं ते हाताने मोडत होतं. तेव्हापासून लेबल नसलेला तुकडा मी वापरत नाही, कितीही मोठा असला तरी.

लेबल गेलं असेल तर ओळखायचं कसं? रंगावरून नाही. प्लास्टिक वेगळं करणाऱ्या प्लांटमधले इन्फ्रारेड सॉर्टर काळ्या मालावर चालत नाहीत कारण कार्बन तो प्रकाश शोषून घेतो. लॅबमध्ये एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिक ओळखायची टेस्ट) करायचं तर जर्मेनियम क्रिस्टल वापरायला सांगा, त्याने बऱ्यापैकी वाचता येतं. सगळ्यात भरवशाची डीएससी टेस्ट, ५ ते १० मिलिग्रॅम तुकडा पुरतो आणि वितळण्याचा आकडा कळतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, नायलॉन १२ साधारण १७८, नायलॉन ६ २२०, नायलॉन ६६ २६०, पीपीएस २८० च्या पुढेमागे, पीईईके ३४३. पीईआयला वितळबिंदू नसतोच, ते २१७ ला मऊ व्हायला लागतं. डीएससी हाताशी नसेल तर तापमान नीट कंट्रोल होणारी हॉट प्लेट घ्या, धूर ओढणाऱ्या हुडखाली, आणि तुकड्याला स्टीलच्या टोच्याने दाबून बघा. २४० ला थर सुटायला लागले तर नायलॉन ६ असू शकतं, ३१० ला सुटले पण २४० ला नाही तर पीपीएस किंवा नायलॉन ६६, ३१० लाही टणक राहिलं तर पीईईके किंवा त्याच्या घराण्यातलं कोणीतरी. ही ढोबळ चाचणी आहे, चुकीचा माल पकडायला ठीक, योग्य मालाचं सर्टिफिकेट म्हणून नाही.

बाहेरच्या गोष्टी काढायच्या त्या अशा. रिलीज फिल्मचे आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे एकूण एक उचला, कारण पीईईकेच्या तापमानाला फ्लोरिनवाली प्लास्टिकं विघटित होऊ लागतात आणि तो धूर विषारी असतो. पॉलिइमाइडची पिवळसर फिल्म वितळत नाही, ती पॅनेलमध्ये तशीच राहते आणि तिथूनच थर सुटतात. पीव्हीसीचा कण पण नको. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमसोबत एकत्र ड्रिल केलेल्या जॉबची चिप सरळ बाजूला काढा, लोखंड लोहचुंबकाने निघतं पण हे दोन निघत नाहीत, आणि कार्बन स्वतःच वीजवाहक असल्यामुळे मेटल डिटेक्टरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. वॉटरजेटने कापलेल्या पट्ट्यांच्या कडेत गार्नेटचे कण रुतलेले असतात. गार्नेटची घनता ४ च्या आसपास आणि कंपोझिटची १.५ ते १.६, त्यामुळे पाण्यात ढवळून खालून हळू प्रवाह सोडला तर सुटे कण खाली बसतात आणि कातरण वर उचललं जातं, पण रुतलेल्या कणांसाठी कड ब्रशने घासा नाहीतर ती दोन मिमीची कड कापूनच टाका. गार्नेट कठीण असतो, एक्स्ट्रूडरचा (माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा) स्क्रू खातो.

कूलंट लागलेला माल कोमट पाणी आणि साधा डिटर्जंट, मग दोनदा स्वच्छ पाणी, निथळवणं, सुकवणं. धुऊन झालं का ते तपासायला सुकलेली २० ग्रॅम चिप वजन करून हुडखाली ओव्हनमध्ये त्याच मालाच्या ड्रायिंगपेक्षा थोड्या जास्त तापमानाला ठेवा, परत वजन करा. धूर, वास किंवा वजनात घट दिसली तर अजून धुवा.

बारीक करणं, आणि थांबणं

तुकड्यांसाठी हळू फिरणारा दोन किंवा चार शाफ्टचा श्रेडर वापरा, कात्रीसारखा कापणारा. जोरात फिरणाऱ्या ग्राइंडरमध्ये माल पडला की तो जाळीतून बाहेर पडेपर्यंत परत परत कुटला जातो आणि १५ मिमीचा तुकडा हवा असताना निम्मी भुकटी होते. एकदाच फिरवा, चाळा, फक्त वर राहिलेले मोठे तुकडे परत टाका. प्रेससाठी १० ते २५ मिमीचे तुकडे चांगले, इंजेक्शनसाठी (वितळलेला माल मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून भरण्यासाठी) ३ ते ६ मिमी. एकाच दिशेच्या टेपपासून बनलेली शीट असेल तर ती फायबरच्या रेषेत फाटून लांबट काड्या होतात, विणलेल्या कापडाच्या शीटचे चौकोनी तुकडे पडतात, काड्या जास्त अडकतात, एवढं लक्षात असू द्या. पाती लवकर झिजतात, कार्बन पात्याला घासत राहतो, आणि पातं बोथट झालं की कापण्याऐवजी चिरडतं, म्हणजे परत धूळ. पात्यातली गॅप दर काही बॅचनंतर मोजत जा.

चाळताना थोडा वेळच चाळा. लांबट चिप उभी होऊन बारीक भोकातून खाली जाते, आणि फार वेळ हलवलं की सुटे धागे एकमेकांत गुंतून कापसासारखे गोळे होतात, ते गोळे पुढे फीडरमध्ये अडकतात. दोन चाळण्या पुरतात, एक ५ मिमीची, एक अर्ध्या मिमीची. अर्ध्याखालचं सगळं धुळीच्या डब्यात.

प्रमाण काढायचं

हे न करता लोक अंदाजाने मिसळतात आणि मग प्रत्येक बॅचचा पार्ट वेगळा निघतो. समजा तुमची शीट पीईईकेची, फायबर आकारमानाने ६० टक्के. फायबरची घनता १.७८, पीईईकेची १.३०. ०.६ गुणिले १.७८ म्हणजे १.०६८, ०.४ गुणिले १.३० म्हणजे ०.५२, एकूण घनता १.५९ आणि वजनाने फायबर ६७ टक्के. प्रेसमध्ये हे असंच चालतं, पण इंजेक्शन मोल्डिंगला एवढा फायबर वाहतच नाही, तिथे वजनाने ३० टक्के धरून चला. १ किलो स्क्रॅपमध्ये ०.६७ किलो फायबर, ते ३० टक्के व्हायला एकूण माल २.२३ किलो पाहिजे, म्हणजे १.२३ किलो नवीन पीईईके मिसळायचं. नायलॉन ६ ची शीट, आकारमानाने ५० टक्के, तर वजनाने ६१ टक्के होतात, त्यातून २० टक्क्यांचा माल हवा तर १ किलोला साधारण २ किलो नवीन नायलॉन.

मिसळायचं प्लास्टिक त्याच घराण्यातलं आणि पातळ वाहणाऱ्या ग्रेडचं घ्या. शीटमधलं प्लास्टिक एकदा तापून गेलेलं आहे, त्यात दाट ग्रेड घातला तर स्क्रूमध्ये घासाघीस वाढते आणि फायबर तुटतो.

सुकवणं, न चुकता

पीईईके १५० डिग्रीला ३ तास किंवा १२० ला रात्रभर, ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली. पीईआयही १५० ला, पण ४ ते ६ तास. पीपीएस १२० ते १५० ला ३ ते ४ तास. नायलॉन ६ ८० डिग्रीला निदान ४ तास, आणि धुतलेला माल असेल तर रात्रभर, ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली, एक्स्ट्रूजनला ०.१. नायलॉन ओलं राहिलं तर वितळल्यावर पाण्यामुळे त्याच्या साखळ्या तुटतात, माल पाण्यासारखा पातळ होतो, पार्टवर चंदेरी रेघा येतात आणि तो ठिसूळ होतो. ट्रेमध्ये पातळ थर पसरा, चिपच्या उंच ढिगाच्या आतपर्यंत गरमी पोचत नाही.

तुकड्यांपासून पॅनेल

तुकड्यांसाठी मला हाच रस्ता सगळ्यात जास्त पटतो, कारण यात फायबरची लांबी जवळपास जशीच्या तशी राहते. ३०० बाय ३०० बाय ४ मिमीचं पॅनेल धरा, ३६० घन सेंटिमीटर, गुणिले १.५९, म्हणजे ५७२ ग्रॅम, कडेने बाहेर येणाऱ्या मालासाठी दोन-तीन टक्के जास्त घ्या. सुटे तुकडे तयार पॅनेलच्या कितीतरी पट जागा खातात त्यामुळे मोल्डला उंच भिंती लागतात, किंवा एकदा हलकं गरम दाबून गठ्ठा करून घ्यायचा. तुकडे हाताने पसरा, मुठीने ओतू नका, ओतले की ते एका दिशेला पडतात आणि पॅनेल एका बाजूला कमकुवत निघतं. कोपऱ्यात थोडे बारीक तुकडे घाला, मोठे तिथे बसत नाहीत.

तापमान पीईईकेला ३८० ते ३९०, पीपीएसला ३१० ते ३३०, नायलॉन ६ ला २५० ते २६०. सेन्सर मोल्डच्या आत, मालाच्या जवळ पाहिजे, प्रेसच्या प्लेटचा आकडा बघून फसायला होतं. पूर्ण तापेपर्यंत हलका दाब, मग १० ते १५ मिनिटं पूर्ण दाब. ५० बार म्हणजे या पॅनेलवर साधारण ४५ टन, तेवढी प्रेस आहे का ते आधी बघा. आणि थंड करताना दाब सोडू नका, हे फार महत्त्वाचं, माल मऊ असताना दाब सुटला की आतला दाबलेला फायबर परत उसळतो, थरांत हवा शिरते आणि पॅनेल फुगतं. पीईईके १४० च्या खाली, पीपीएस ९० च्या खाली आल्यावरच उघडा. पीईईके फार झटकन गार केलं तर स्फटिक नीट तयार होत नाहीत, रसायनांना टिकायची ताकद कमी होते, तेव्हा निवांत होऊ द्या. तोडलेल्या कडेत बारीक भोकं दिसली तर दाब किंवा वेळ कमी पडलाय.

असं पॅनेल कव्हर, ब्रॅकेट, डक्ट, ड्रिल करायचे टेम्पलेट, मशीनचे सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे मऊ जबडे) यासाठी मस्त चालतं. मूळ शीटच्या जागी, जिथे पार्ट तुटला तर माणसाला इजा होईल, तिथे लावू नका, तुकड्यांच्या पॅनेलची ताकद जागोजागी बदलते आणि तो तुटतो तुकड्यांच्या सांध्यावर.

चिपपासून दाणे

अर्धा ते पाच मिमीची चिप कंपाउंडिंगला, म्हणजे नवीन प्लास्टिकमध्ये वितळवून मिसळून दाणे करायला. अडचण फीडिंगची, चिप हलकी आणि गुंतणारी असते, हॉपरमध्ये कमान करून बसते आणि खाली काही पडतच नाही. ढवळणारा फीडर किंवा दाबून भरणारा फीडर लागतो. ट्विन स्क्रू (दोन स्क्रूच्या) एक्स्ट्रूडरमध्ये नवीन प्लास्टिक आधी मुख्य हॉपरमधून जाऊ द्या, ते वितळल्यावर पुढच्या साइड फीडरमधून चिप सोडा, म्हणजे कोरड्या घर्षणात फायबर मोडत नाही. त्याच्या पुढे हवा काढायला व्हेंट. स्क्रूची रचना सौम्य, नीडिंग ब्लॉक (माल मळणारे भाग) कमीत कमी. बॅरल आणि स्क्रू झिजरोधक स्टीलचे. वितळलेल्या पीईईकेला तांबं किंवा पितळ लागू देऊ नका, त्याने ते बिघडतं, आणि मशीन मधेच थांबवून माल आत शिजत ठेवू नका.

इंजेक्शनमध्ये बॅक प्रेशर कमी, स्क्रू हळू, नोझल आणि गेट (मोल्डमध्ये माल शिरायचं तोंड) मोठे. पीईईकेला मोल्ड १७० ते २०० डिग्री, पीपीएसला १३५ च्या वर, नायलॉन ६ ला ८० च्या आसपास. दाण्यांपासून मोठ्या थ्रीडी प्रिंटिंग मशीनवरही काम होतं, तिथे वजनाने २० टक्के फायबर आरामात चालतो, नोझल कठीण स्टीलची पाहिजे, पितळी नोझल काही तासांत रुंद होते.

तपासणी

बॅच पास करायच्या आधी निदान घनता, टेन्साइल आणि बेंडिंगचे नमुने, मानक आयएसओ ११८३, ५२७ आणि १७८. उरलेली फायबर लांबी बघायला नायलॉनचा नमुना नायट्रोजनमध्ये ५५० डिग्रीला ठेवला की प्लास्टिक जातं आणि फायबर उरतो, तो काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली निदान ३०० धागे मोजा. हीच युक्ती पीईईकेवर फसते, कारण पीईईके नायट्रोजनमध्ये जाळल्यावर जवळपास निम्मं कोळसा होऊन मागे राहतं आणि तो फायबर म्हणून मोजला जातो. तिथे लॅबकडून ॲसिडने विरघळवून करून घ्या. मोजलेली सरासरी आपल्या ०.३५ च्या आकड्याशी ताडून बघा, खाली असेल तर स्क्रू, गेट किंवा श्रेडर यातलं काहीतरी फायबर खातंय, एकेक टप्प्यानंतरचा नमुना मोजला की कोण ते कळतं.

धुळीचं काय

अर्ध्या मिमीच्या खालच्या मालाकडून ताकदीची अपेक्षा ठेवू नका. पण स्वच्छ आणि एकाच रेझिनची असेल तर ती त्याच रेझिनमध्ये ५ ते १० टक्के मिसळून पार्ट थोडा कडक होतो आणि घासणाऱ्या पार्टमध्ये झीज कमी व्हायला मदत होते. मिक्स झालेली, तेलकट किंवा धातूवाली धूळ पायरोलिसिस (ऑक्सिजन कमी ठेवून तापवून रेझिन काढणं) करणाऱ्यांकडे किंवा नियमानुसार विल्हेवाटीला, बंद पिशवीत. उघड्यावर जाळायची तर मुळीच नाही, जळताना धागे बाहेरून झिजत बारीक होतात आणि हवेत तरंगतात, साध्या कचरा भट्टीतसुद्धा हे वीजवाहक धागे धूर गाळणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्रणेत शॉर्ट करतात.

शेवटचं एक, रिसायकल केलेलं पॅनेल परत मशीनवर गेलं की त्याचंही कातरण पडणारच. ते पहिल्या फेरीच्या डब्यात टाकू नका. त्याला दुसरी फेरी असं लेबल, वेगळा डबा, आणि ते फक्त दाण्यांच्या रस्त्याला, नवीन प्लास्टिक जास्त घालून, कारण त्यातलं प्लास्टिक आता निदान दोनदा तापलेलं आहे आणि फायबर परत परत कापला गेलाय.